तिसरा मॅप खेळला जाईल का, हा भाव कसा पारखावा

आपला प्रश्न असा आहे, की काउंटर-स्ट्राइक 2 या संगणकावरील नेमबाजी खेळाच्या बेस्ट ऑफ थ्री सामन्यात (तीनपैकी दोन मॅप, म्हणजे खेळाची मैदाने, जिंकणारा विजयी) दोन्ही संघांच्या विजयाचा भाव 50 सेंट असताना ‘तिसरा मॅप खेळला जाईल’ याचा भाव 54 सेंट कसा, आणि तो चुकीचा समजावा का. (अंदाज खरा ठरल्यास एक डॉलर मिळतो, म्हणून सेंटमधला भाव म्हणजे बाजाराच्या मते टक्क्यांतली शक्यता.) माझ्या मते तो चुकीचा असेलच असे नाही. कोण जिंकणार आणि सामना किती लांबणार हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

प्रत्येक मॅपवर दोघांना समान संधी धरली, तर पहिल्या दोन मॅपनंतर 1-1 होण्याची शक्यता बरोबर 50 टक्के येते, आणि बहुतेकांचा हिशेब तिथेच थांबतो. पण मॅपनिवडीत प्रत्येक संघ आपल्या हातखंड्याचा एक मॅप घेतो. समजा, स्वतःच्या मॅपवर प्रत्येकाची शक्यता 65 टक्के आहे. मग दोघांनीही आपापला मॅप राखण्याची शक्यता 42.25 टक्के, दोघांनीही तो गमावण्याची 12.25 टक्के, आणि बेरीज होते 54.5. याउलट, खेळाडू नुकतेच बदलल्यामुळे कोणता संघ सरस आहे हेच कळत नसेल, पण जो सरस ठरेल तो प्रत्येक मॅप 70 टक्के शक्यतेने जिंकेल असे वाटत असेल, तर हीच शक्यता 42 टक्क्यांवर उतरते. दोन्ही उदाहरणांत विजयाचा भाव 50 सेंटच राहतो. म्हणून मॅपनिवड जाहीर होईपर्यंत मी या भावाविषयी मत बनवत नाही.

राउंडांच्या संख्येवरील प्रश्नांत नियमच अधिक बोलके असतात. मॅपवरच्या छोट्या डावाला राउंड म्हणतात; तेरा राउंड जिंकणारा मॅप जिंकतो. 12-12 झाल्यास सहा राउंडांचा ओव्हरटाइम होतो आणि त्यात चार जिंकावे लागतात, म्हणजे पुढचा सर्वांत छोटा निकाल 16-12, एकूण 28 राउंड. पंचवीस, सव्वीस किंवा सत्तावीस राउंडांचा पूर्ण मॅप होऊच शकत नाही. त्यामुळे ओव्हरटाइम मोजला जात असेल, तर ‘24.5 पेक्षा जास्त’ आणि ‘26.5 पेक्षा जास्त’ हे एकच प्रश्न आहेत, आणि त्यांचे भाव वेगळे दिसले तर त्यांतला एक तरी चुकलेला असतो. व्हॅलोरंट या दुसऱ्या नेमबाजी खेळात हे लागू नाही, कारण तिथे दोन राउंडांची आघाडी पुरते आणि 14-12 असा निकाल लागतो. जुने आकडे वापरताना हेही पाहावे, की सप्टेंबर 2023 मध्ये काउंटर-स्ट्राइक 2 येण्यापूर्वी मॅप सोळा राउंड जिंकणाऱ्याचा असे.

गेम किती मिनिटे चालेल, अशा प्रश्नांत सरासरी फसवते. लीग ऑफ लेजंड्स या संगणकीय खेळात 2018 साली जिन एअर ग्रीन विंग्ज आणि एसके टेलिकॉम टी1 या संघांचा एक गेम 94 मिनिटांहून अधिक चालला. असा एखादा गेम सरासरी वर ओढतो, पण ‘32 मिनिटांपेक्षा जास्त’ या प्रश्नाला त्याचे वजन इतर कोणत्याही लांबलेल्या गेमइतकेच. तिथे निम्मे गेम किती मिनिटांच्या आत संपतात, हे पाहावे.

एका गोष्टीची मला खरी काळजी वाटते. सामना न गमावता एखादा मॅप सोडून देता येतो, म्हणून लांबीवरचा प्रश्न विजयाच्या प्रश्नापेक्षा गैरप्रकाराला अधिक उघडा असतो. जिथे उलाढाल तुटपुंजी आहे आणि भाव अकारण उसळतो, तिथून दूर राहावे. आपण परदेशातून विचारत आहात. भारतात मात्र ऑगस्ट 2025 च्या कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता देतानाच पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे, तेव्हा इथल्या वाचकांनी हे गणित वहीपुरतेच ठेवावे.