सामायिक सीटी सुविधेत एका दिवसात किती नमुने स्कॅन होतात?

सामायिक क्ष-किरण सीटी सुविधेत, म्हणजे नमुना न कापता त्याची आतली त्रिमितीय प्रतिमा मिळते तिथे, तुमच्या प्रयोगशाळेला एक दिवस मिळाला आहे आणि किती नमुने न्यावेत, असे तुम्ही विचारले आहे. बारा नेऊ नका.

अशा एका सुविधेत मी नऊ वर्षे यंत्र चालवले. एकदा एक संशोधक पाण्यात भिजवलेले बारा लाकडी ठोकळे घेऊन आले. प्रत्येक ठोकळा ४० मिलिमीटर रुंद होता आणि त्यातील ५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भेगा त्यांना पाहायच्या होत्या. नमुना पूर्ण फिरेपर्यंत डिटेक्टरच्या चौकटीत राहावा लागतो. त्यामुळे २००० पिक्सेलच्या डिटेक्टरवर ४० मिलिमीटर बसवले की एक व्हॉक्सेल, म्हणजे त्रिमितीय प्रतिमेचा सर्वांत लहान कण, २० मायक्रॉनचा होतो, आणि एखादी गोष्ट खात्रीने ओळखायची तर तिने दोन-तीन व्हॉक्सेल तरी व्यापावे लागतात. ४ मिलिमीटरची काडी कापून द्या, असे मी सुचवले. कापताना नव्या भेगा पडतील, असे ते म्हणाले, आणि ते खोटे नव्हते. पण मग त्या ठोकळ्यांत काय दिसणार, याचे उत्तर त्यांच्याकडेही नव्हते.

पहिला स्कॅन दोन तासांचा लावला. उघडा ठेवलेला ओला ठोकळा यंत्राच्या कोरड्या, उबदार कक्षात सुकू लागला आणि आकसला. हजारो कोनांतून घेतलेल्या प्रतिमा जुळवताना संगणक वस्तू स्थिर होती असेच धरून चालतो, त्यामुळे त्रिमितीय प्रतिमेत प्रत्येक कड दुहेरी उमटली. तोपर्यंत उरलेले अकरा ठोकळे टेबलावर आपापल्या परीने सुकत होते. मी थांबू या म्हटले. त्यांनी कोनांची संख्या घटवून प्रत्येकी अर्ध्या-पाऊण तासात उरकायला लावले. संध्याकाळी प्रत्येकी सुमारे १६ जीबीच्या बारा फाइली, म्हणजे जवळपास २०० जीबी धुके, घेऊन ते परतले आणि आठवड्याभरात ‘यंत्र सदोष आहे’ अशी लेखी तक्रार आली. माणकाचे गोळे बसवलेला, अंतरे ठाऊक असलेला मोजमापाचा दांडा स्कॅन करून मी यंत्राची मापे बरोबर असल्याचे दाखवून दिले.

त्यानंतर सुविधेच्या समितीच्या बैठकीत मी एकच मागणी केली होती, की चाचणी स्कॅन झाल्याशिवाय कोणालाही पूर्ण दिवस देऊ नये. चाचणीचे तास ‘वापर’ या रकान्यात बसत नाहीत, असे उत्तर मिळाले. त्या वर्षीच्या अहवालात मात्र ते बारा ठोकळे वापर म्हणूनच मोजले गेले.

माझे मत स्पष्ट सांगते: उद्योगातून येणारी माणसे बहुधा चांगली तयारी करून येतात. या ओतकामात अर्ध्या मिलिमीटरपेक्षा मोठे पोकळ बुडबुडे आहेत का, एवढाच त्यांचा प्रश्न असतो, कारण प्रत्येक तासाचे पैसे त्यांच्याच खिशातून जातात. ‘काय दिसते ते पाहू’ म्हणणारे बहुतेक विद्यापीठांतले असतात.

फ्रान्समधील ग्रनोबलच्या ईएसआरएफसारख्या सिंक्रोट्रॉनला, म्हणजे अतिप्रखर क्ष-किरण देणाऱ्या प्रचंड कणत्वरकाला, मात्र यातले बरेच लागू नाही. तिथला प्रखर झोत तासांचे काम मिनिटांत उरकतो, आणि निष्कर्ष प्रसिद्ध करणाऱ्या संशोधकांना वेळ विनामूल्य मिळत असला तरी त्यासाठी प्रस्तावाची तज्ज्ञांकडून छाननी व्हावी लागते. शिवाय सगळे संशोधक त्या ठोकळेवाल्यांसारखे नसतात. जीवाश्मांवर काम करणाऱ्यांइतका जपून नमुना बसवणारा मी दुसरा पाहिला नाही.

तुमचे नमुने कोरडे आणि लहान असतील, तर प्रयोगशाळेतल्या यंत्रावर दिवसाला तीन किंवा चार धरा. ओले असतील तर बंद नळीत घट्ट बसवा आणि स्कॅनपूर्वी तासभर कक्षात राहू द्या. धातू असेल तर जाडी आधी कळवा, म्हणजे चालकाला फिल्टर ठरवता येईल. आणि चाचणी स्कॅन मागा, तोही लेखी. कारण वापरकर्त्याचे पत्र समितीपुढे जाते, आम्हा चालकांचे म्हणणे इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ एवढ्यावर संपते.