परदेशी मिशनवर निघालास? आधी एवढंच सांभाळ

लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) या ख्रिस्ती चर्चच्या मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराच्या सेवेवर, मुलगे 24 महिने असतात. पहिल्याच आठवड्यात महिने मोजायला बसू नकोस.

- जोडीदार (सोबत दिलेला दुसरा मिशनरी): सतत सोबत. भांड्यांवरून, आंघोळीच्या पाळीवरून कुरबुरी होतातच. त्याच रात्री बोलून मोकळा हो.
- सकाळचा धर्मग्रंथांचा अभ्यास: फिरून दमलं की पहिला हाच बुडतो, आणि मग प्रार्थना नुसती तोंडाने होते. हा सोडू नकोस रे.
- घरचा फोन: 2019 पासून दर आठवड्याला करता येतो. दादरला आई रात्री जागत बसेल, वेळ आधीच ठरव.

नवखे भाषेच्या भीतीने गप्प राहतात, तिथेच अडकतात. तू मोडकंतोडकं का होईना, बोल. शिकवायच्या पद्धती तिथे कळतील. आत्ता कुकर लावायला शिक.