एन्सेलाडसचा आराखडा: आधी नमुन्याचं बघा

भाऊ, भुसावळच्या तुमच्या गटाने स्पर्धेसाठी केलेला, पृथ्वीबाहेर जीवसृष्टी शोधायचा आराखडा वाचला. युरोपा या गुरूच्या चंद्रावर उतरायचं, बर्फात ड्रिल घालायचं, खालच्या समुद्रात पाणबुडी सोडायची, वीज सौरपट्ट्यांची. यात काय अडेल, असं तुम्ही विचारलंय. अडेल ते ड्रिलपाशीच. बर्फाचं कवच कित्येक किलोमीटर जाड, पाडलेलं भोक मागून गोठत येणार, वर गुरूच्या किरणोत्साराचा मारा.

त्यापेक्षा शनीचा चंद्र एन्सेलाडस घ्या. व्यास जेमतेम 504 किमी, पण दक्षिण ध्रुवावरच्या चार भेगांतून आतल्या समुद्राचं पाणी बर्फाचे कण होऊन आपणहून बाहेर उडतं. कॅसिनी यानाने हा फवारा 2005 साली टिपला. त्याच यानाच्या नोंदींतून पुढे मीठ, सेंद्रिय रेणू, हायड्रोजन आणि 2023 मध्ये फॉस्फेटही सापडलं.

कण धरताना वेग सांभाळा. ऑक्टोबर 2015 मध्ये कॅसिनी 49 किमी उंचीवरून, सेकंदाला सुमारे साडेआठ किमी वेगाने फवाऱ्यातून गेलं. एवढ्या धडकेत मोठे रेणू फुटतात. एन्सेलाडसभोवती खालच्या कक्षेत शिरलात तर वेग सेकंदाला 160 मीटरच्या आसपास राहतो आणि रेणू शाबूत हाती लागतात. मात्र टायटन, रिया, डायोनी, टेथिस या शनीच्या इतर चंद्रांजवळून फेऱ्या मारत वेग उतरवण्यात काही वर्षं जातात. शिवाय ध्रुवावरून जाणारी कक्षा शनीच्या ओढीने लवकर बिघडते, तेव्हा दुरुस्तीचं इंधन वेगळं धरा.

सौरपट्ट्या काढाच. तिथे ऊन पृथ्वीच्या नव्वदाव्या हिश्शाचं. प्लुटोनियमवर चालणारा वीजस्रोत लागेल. संदेश एका बाजूने जायला साधारण 80 मिनिटं, म्हणून कक्षेतले निर्णय यानानेच घ्यायचे.

खरी मेहनत नमुन्यावर घ्या. रावेर-यावलच्या केळीबागांत बोअरच्या जड पाण्याने ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर धरतो, थेंब मंदावतो, मग अॅसिड सोडावं लागतं. एन्सेलाडसच्या पाण्यातही मीठ आणि सोड्याचे क्षार आहेत. केसासारख्या बारीक नळ्यांत ते साचतात, आणि अमिनो आम्लांचा (प्रथिनं ज्यांची बनतात त्या रेणूंचा) क्षीण संकेत क्षारांच्या गर्दीत दबतो. तुमच्या आकृतीत क्षार काढण्याची पायरीच नाही. ती तपासणी यंत्राच्या आधी बसवा, नळी धुवायला शुद्ध पाण्याची वेगळी टाकी द्या.

एकाच खुणेवर जीवसृष्टी जाहीर करू नका. जीवनाशिवाय बनलेल्या मिश्रणात सहसा ग्लायसिन हे सगळ्यात साधं अमिनो आम्ल भरपूर आणि गुंतागुंतीची अमिनो आम्लं कमी असतात. ते प्रमाण बघा. एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेल्या डाव्या-उजव्या रेणूंचा तोल बघा, पण काही उल्कांमध्येही डाव्यांचं पारडं जड असतं, हे ध्यानात ठेवा. तिसरी खूण म्हणून मेदाम्लांच्या साखळ्यांची लांबी तपासा. प्रत्येक नमुन्याआधी कोरी तपासणी हवीच: तेच यंत्र, तीच नळी, फक्त शुद्ध पाणी.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत एवढं करून बघा. साध्या पाण्यात आणि खारट पाण्यात सारखंच ग्लायसिन विरघळवा, दोन्ही थेंब पेपर क्रोमॅटोग्राफीला (कागदावर पदार्थ वेगळे करायच्या पद्धतीला) लावा, कागद सुकल्यावर अमिनो आम्लांना जांभळा रंग आणणारं निनहायड्रिन फवारून गरम करा. साध्या पाण्याचा ठिपका नेटका जांभळा येतो, खारट पाण्याचा ओघळलेला. आणि कागद मोज्यांशिवाय धरला असेल तर कडेला बोटांचे ठसेही जांभळे उमटतात. हे दोन्ही कागद आराखड्याला जोडा.