पहिला ट्रान्समीटर निवडताना चॅनेलपेक्षा रिसीव्हर बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सनबोर्डचं, साधारण एक मीटर पंखांचं ट्रेनर विमान स्वतः बनवताय, पुढे कॉलेजच्या टीमबरोबर मोठं विमान करायचंय, ट्रान्समीटर (हातातला रिमोट) आणि रिसीव्हर (विमानातला भाग) मिळून दहा हजारांच्या आत बसवायचंय, आणि दुकानदार म्हणतोय की सहा चॅनेलचा घेऊ नका, दहाचाच घ्या.

चॅनेलचं आधी उरकून टाकू. एका चॅनेलवर एक हालचाल: थ्रॉटल (मोटरचा वेग), एलिव्हेटर (नाक वर-खाली), रडर (नाक डावी-उजवीकडे), एलेरॉन (पंख कलवणं) मिळून चार झाले. दोन एलेरॉनचे दोन सर्वो (ते हलवणाऱ्या छोट्या मोटरी) वेगवेगळे चालवायचे तर पाच. फ्लॅप लावले तर सहा. तुमच्या पहिल्या दोन-तीन विमानांना याच्यापुढे काही लागणार नाही. शिवाय फ्लायस्काय कंपनीच्या एफएस-आय६एक्स या ट्रान्समीटरच्या खोक्यावर दहा चॅनेल लिहिलेले असले तरी सोबत येतो तो आयए६बी रिसीव्हर. त्यावर सर्वो खोचायच्या जागा सहाच असतात. बाकीचे चॅनेल आयबसच्या एका वायरवरून बाहेर पडतात. फ्लाइट कंट्रोलर (विमान आपोआप सावरणारं सर्किट) लावलात तर ते कामाला येतील, थेट सर्वो जोडायला नाही. तेव्हा ‘दहा की सहा’ हा प्रश्न बाजूला ठेवा.

खरा प्रश्न प्रोटोकॉलचा, म्हणजे ट्रान्समीटर आणि रिसीव्हर ज्या भाषेत बोलतात तिचा आहे. ट्रान्समीटर एकदाच घ्याल, पण रिसीव्हर प्रत्येक विमानाला एक लागेल, आणि कुठला रिसीव्हर चालणार हे ट्रान्समीटर ठरवतो. फ्लायस्कायचा एएफएचडीएस २ए, स्पेक्ट्रमचा डीएसएमएक्स, फुटाबाचे स्वतःचे प्रकार, आणि हल्लीचा एक्सप्रेसएलआरएस, म्हणजे सगळे ज्याला ईएलआरएस म्हणतात तो. यांतले बहुतेक सेट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणून नवीन माणसाला वाटतं की कुठलाही रिसीव्हर कुठल्याही ट्रान्समीटरला चालेल. तसं होत नाही. एकाच कंपनीच्या दोन पिढ्यासुद्धा एकमेकींशी बोलतीलच असं नाही. २०२० मध्ये फ्रस्कायने आपल्या एसीसीएसटी प्रोटोकॉलचं नवं फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) काढलं. सर्वो आपोआप हलण्याचा दोष त्यात दुरुस्त केला होता, पण नवं फर्मवेअर घातलेला ट्रान्समीटर जुन्या फर्मवेअरच्या रिसीव्हरशी जोडलाच जाईना. ज्यांच्याकडे त्या जातीचे दहा-बारा रिसीव्हर होते त्यांना एकेक विमान उघडून प्रत्येक रिसीव्हर अपडेट करावा लागला. म्हणून किंमत बघताना ‘ट्रान्समीटर अधिक चार रिसीव्हर’ अशी बेरीज करा. स्पेक्ट्रम आणि फुटाबा बनावटीला उत्तम आहेत, त्यात वाद नाही. पण त्यांच्या अस्सल रिसीव्हरच्या किमती धरून ही बेरीज केलीत की तुमचं दहा हजारांचं गणित तिथेच मोडतं. तयार, रिसीव्हर आतच बसवलेली विमानं विकत घेणाऱ्याला स्पेक्ट्रम सोयीचा पडतो. तुम्ही स्वतः बनवणारे आहात.

तुमच्या बजेटमध्ये मला दोनच वाटा दिसतात.

पहिली फ्लायस्कायची, आय६ किंवा आय६एक्स. कॉलेजांच्या एरोमॉडेलिंग टीममध्ये हा सेट इतका पसरला आहे की अडलात तर शेजारच्या टेबलावर कोणीतरी सांगायला असतंच. वीस मॉडेलांची मेमरी आहे, स्टिकचा प्रतिसाद सौम्य करायला ड्युअल रेट आणि एक्स्पो आहेत, शेपटी नसलेल्या (एलेव्हॉन) आणि व्ही आकाराच्या शेपटीच्या विमानांसाठी मिक्सिंग आहे. चार पेन्सिल सेलवर चालतो, म्हणजे तालुक्याच्या गावातही सेल मिळतात. स्क्रीन साधी काळी-पांढरी, पण दुपारच्या उन्हात वाचता येते. रिसीव्हर घेताना नाव नीट वाचा. आयए६ वेगळा, आयए६बी वेगळा. शेवटी ‘बी’ असलेलाच घ्या, कारण तो विमानातल्या रिसीव्हरला किती व्होल्ट मिळताहेत ते ट्रान्समीटरच्या स्क्रीनवर दाखवतो. त्याचा उपयोग खाली सांगतो.

दुसरी वाट एजटीएक्स या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या लहान ट्रान्समीटरची, उदाहरणार्थ रेडिओमास्टर पॉकेटचा ईएलआरएसवाला प्रकार. यात स्टिक बसवलेले गिम्बल चुंबकावर चालणाऱ्या हॉल सेन्सरचे आहेत, म्हणजे स्टिकच्या आत घासून झिजणारी पट्टी नाही. आपल्याकडे कापणीनंतरच्या शेतात उडवतात, धूळ सगळीकडे जाते, आणि घासणारी पट्टी असलेल्या साध्या पोटेन्शिओमीटरवाल्या स्टिक काही काळाने मधोमध असूनही थरथरायला लागतात. हॉलवाल्यात हा त्रास फार कमी. यूएसबी वायर लावली की हा ट्रान्समीटर संगणकाला जॉयस्टिक म्हणून दिसतो, सिम्युलेटरसाठी वेगळं काही घ्यावं लागत नाही. आणि आवाजाच्या फायली एसडी कार्डावर असतात, त्यामुळे ‘बॅटरी उतरली, खाली घ्या’ हे स्वतःच्या आवाजात मराठीत रेकॉर्ड करून घालता येतं. उडवताना डोळे विमानावरून काढायचे नसतात, त्यामुळे बोलणारा ट्रान्समीटर ही मी चैन समजत नाही.

पण एजटीएक्स शिकावं लागतं. तिथे इनपुट, मिक्स आणि आउटपुट अशा तीन पायऱ्या असतात, आणि एखादा सर्वो उलटा फिरला तर तो आउटपुटमध्ये उलटवायचा की मिक्समध्ये वजन उणे करायचं, इथे पहिला महिना जातो. (आउटपुटमध्ये उलटवा. मिक्सला हात लावू नका.) ईएलआरएसच्या स्वतःच्या दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांच्या फर्मवेअरचा मुख्य आकडा एकच हवा. एकात २ आणि दुसऱ्यात ३ असेल तर कितीही बाइंड करा (दोघांची जोडी लावा), जोडणार नाही. आणि पाचवा चॅनेल तिथे आर्मिंगसाठी, म्हणजे मोटर सुरू व्हायची मुभा देणाऱ्या स्विचसाठी राखलेला असतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये तो फक्त चालू-बंद एवढंच समजतो, म्हणून पाचव्यावर फ्लॅप किंवा दुसरा एलेरॉन लावू नका. ड्रोनवाल्यांना हे जाणवत नाही, विमानवाले मात्र सर्वो खराब आहे म्हणून बदलत बसतात.

कुठली वाट धरायची हे तुमच्या मैदानावर कोण आहे त्यावर सोडा. सीनियर मंडळी फ्लायस्काय उडवत असतील तर तोच घ्या. त्यांचा रिसीव्हर उसना मिळेल, आणि दोन ट्रान्समीटर जोडणारी ट्रेनर वायर लावून ते तुमच्या हातून विमान वेळेवर काढून घेऊ शकतील. सुरुवातीच्या उड्डाणांत विमान वाचवतो तो हा दुसरा हात. एजटीएक्स येणारा एक तरी माणूस जवळ असेल तर मी बिनदिक्कत दुसरी वाट सांगेन, कारण मोठ्या विमानापर्यंत हाच ट्रान्समीटर पुरेल.

याच कारणासाठी मोडसुद्धा विचारून घ्या. मोड २ मध्ये थ्रॉटल आणि रडर डाव्या हातात, एलिव्हेटर आणि एलेरॉन उजव्या. मोड १ मध्ये थ्रॉटल उजवीकडे आणि एलिव्हेटर डावीकडे जातो. आपल्याकडे नवीन मुलं बहुतेक मोड २ वरच शिकतात, पण जुने एरोमॉडेलर मोड १ वाले भेटतात आणि शिकवायला तेच सगळ्यात चांगले असतात. शिकवणाऱ्याचा मोड तो तुमचा मोड. हाताला एकदा लागलेली सवय नंतर बदलणं जिवावर येतं. थ्रॉटलची स्टिक जिथे सोडाल तिथे थांबणारी हवी, स्प्रिंगने मधे परत येणारी नको.

आता फेलसेफ. संपर्क तुटला तर रिसीव्हरने काय करायचं, ते हे सेटिंग ठरवतं. दुकानातून आलेला सेट बरोबर लावलेला असेल असं गृहीत धरू नका. आय६ किंवा आय६एक्सवर मेनूतलं फेलसेफ उघडा, थ्रॉटलचा तिसरा चॅनेल निवडा, तो चालू करा, स्टिक पार खाली धरा, आणि कॅन्सलचं बटण दाबून धरा. हो, कॅन्सलच. या ट्रान्समीटरवर सेटिंग जतन होतं ते कॅन्सल दाबून धरल्यावर. नुसतं टिचकी मारून बाहेर आलात तर केलेला बदल गेला. कितीतरी जण फेलसेफ ‘लावतात’ आणि तो लागलेलाच नसतो, ते इथे. ईएलआरएसच्या सर्वोवाल्या रिसीव्हरमध्ये हेच काम रिसीव्हरच्या वाय-फाय पानावर प्रत्येक आउटपुटपुढे आकडा भरून होतं.

मग तपासा. प्रॉप (पंखा) काढून ठेवा, हे विसरायचं नाही. विमान कोणीतरी घट्ट धरा, मोटर अर्ध्यावर चालवा, आणि ट्रान्समीटरचा सेल काढून वीज तोडा. मोटर लगेच थांबली पाहिजे. ती अर्ध्यावरच फिरत राहिली तर तेच विमान हवेत असताना गावाच्या दिशेने निघून गेलं असतं. हलक्या फोमच्या विमानाला मी थ्रॉटल शून्य आणि रडर किंचित एका बाजूला असं ठेवतो, म्हणजे ते सरळ लांब न जाता फेऱ्या मारत जवळच उतरतं. नवीन बाइंड केलं, रिसीव्हर बदलला, फर्मवेअर घातलं की ही तपासणी पुन्हा.

संपर्क तुटल्याच्या ज्या तक्रारी मी ऐकतो, त्यातल्या बऱ्याच मुळात रेडिओच्या नसतात. ३० अँपियरच्या स्वस्त ईएससीमधला (मोटरचा वेग नियंत्रित करणारं सर्किट) बीईसी, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज उतरवून देणारा भाग, रिसीव्हरला आणि चारही सर्वोंना वीज देत असतो. ३एस (तीन सेलच्या) बॅटरीवर साधा लिनियर बीईसी तापतो, त्यात एखादा सर्वो अडकून जास्त करंट ओढायला लागला की व्होल्टेज खाली येतं, रिसीव्हर क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि तेवढ्यात विमान नाकावर येतं. दोष मात्र ट्रान्समीटरला मिळतो. आयए६बी घ्या म्हटलं ते यासाठी. जमिनीवर उभे राहून चारही सर्वो एकदम जोरात हलवा आणि स्क्रीनवरचा आकडा बघा. पाचच्या आसपास स्थिर राहिला तर ठीक. साडेचारच्या खाली झोके घेत असेल तर ट्रान्समीटरवर पैसे वाढवू नका, तेच पैसे वेगळ्या बीईसीत घाला.

रेंजची काळजी लोक फार करतात. एक मीटरचं विमान तीनशे मीटरवर गेलं की ते येतंय की जातंय हेच नीट कळत नाही, रेडिओ त्याच्या बराच पुढे पोचतो. अँटेना मात्र नीट बसवा. रिसीव्हरच्या वायरचं शेवटचं साधारण ३१ मिलिमीटर उघडं टोक हीच खरी अँटेना. दोन असतील तर एकमेकींशी काटकोनात, बॅटरी, ईएससी आणि कार्बनच्या नळीपासून लांब. ट्रान्समीटरच्या अँटेनाचं टोक विमानावर रोखू नका, टोकाच्या दिशेने तिचा जोर सगळ्यात कमी असतो. ती आडवी वळवून ठेवा.

नियमांचं एवढंच: २०२१ च्या ड्रोन नियमांत शिक्षणासाठी किंवा छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेल्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलांना टाइप सर्टिफिकेट लागत नाही. पण जागेचे नियम लागू आहेतच. मैदान डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर हिरव्या (परवानगीशिवाय उडवता येणाऱ्या) पट्ट्यात आहे का ते आधी बघा. पुण्यात लोहगाव विमानतळामुळे बराच भाग त्यातून बाहेर जातो.

तुमच्या मैदानावर कोण उडवतं, कुठल्या मोडवर आणि कुठल्या रिसीव्हरवर, एवढं कळवा. ईएससीचं मॉडेल आणि सर्वो किती ग्रॅमचे तेही लिहा, म्हणजे वेगळा बीईसी लागेल का ते ट्रान्समीटर घेण्याआधीच ठरवता येईल.