आलेल्या लेकीला ‘जा’ म्हणायचं का?

पत्र: ताई, परवा लेकीची पाचवी पुजली. बारसं पुढच्या रविवारी आहे आणि नाव काही ठरत नाही. माझी आई, शैलजा, गेल्या वर्षी गेली. बाबा तिला अंगणातून पूर्ण नावाने हाक मारायचे. त्यातला लांबवलेला ‘जा’ अजून माझ्या कानात आहे. लेकीचं नाव ‘जा’ने संपावं, एवढंच माझं म्हणणं. पण नाव ठेवायचा मान नणंदेचा. त्यांना ‘रा’ने संपणारं, ‘कियारा’सारखं नाव हवंय. त्या म्हणाल्या, “घरी आलेल्या लक्ष्मीला नावातच ‘जा’ कशाला म्हणायचं?” तेव्हापासून माझ्याही मनात पाल चुकचुकते आहे. नाव सोडून देऊ का?
— एक बाळंतीण, सातारा

उत्तर: बाळ, सोडू नकोस. आणि ती पाल आधी मनातून काढून टाक, कारण तुझ्या आईच्या नावातल्या ‘जा’चा आणि निघून जाण्याचा काडीचाही संबंध नाही.

दोन्ही मोठ्याने म्हणून बघ. ‘घरी जा’ म्हणताना जीभ वरच्या दातांच्या मागे टेकते. जाई, जास्वंद, जातं यांतला तो ज. ‘शैलजा’ म्हणताना तीच जीभ टाळूला लागते. हा ज जीव आणि जन्म यांतला. लिहिताना दोघांना एकच अक्षर, म्हणून कागदावर गोंधळ होतो, मराठी कान मात्र त्यात चुकत नाही. नावाच्या शेवटी येणारा हा ‘जा’ संस्कृतातल्या ‘जन्’ धातूचा आहे, त्याचा अर्थ जन्मलेली. नीर म्हणजे पाणी, पाण्यात जन्मलेली ती नीरजा. भूमिजा म्हणजे सीता. तनुजा आणि आत्मजा यांचा अर्थ तर सरळ लेक असाच आहे. नणंदेला हे नीट, प्रेमाने सांग. त्यांनी ते वाईट मनाने म्हटलं असेल असं मला वाटत नाही. भाचीला काही अशुभ चिकटू नये, या काळजीनेच त्या बोलल्या असतील.

आता तुझ्या आईचं नाव बघ. शैल म्हणजे पर्वत, शैलजा म्हणजे पर्वताची लेक, पार्वती. गिरी म्हणजेही पर्वत, म्हणून गिरिजाही तीच. अद्रि म्हणजेही पर्वत, अद्रिजाही तीच. तू आईच्या नावाचा नुसता शेवट मागत होतीस, इथे तर अर्थासकट अख्खं नाव लेकीकडे येतं, आणि तरीही ते नाव तिचं स्वतःचं राहतं. मला हे फार मोलाचं वाटतं. आजीचंच नाव जसंच्या तसं ठेवलं की पुष्कळ घरांत त्या नावाने लेकराला रागावणंही जड जातं. ‘अनुजा’ मात्र तुला सुचवणार नाही. ते पाठच्या बहिणीचं नाव, पहिल्या लेकीला ते शोभत नाही.

एक गोष्ट तुझ्या पत्रात कुठेच नाही. बाबांना विचारलंस का? ती हाक त्यांची होती. ज्या घरात वर्षभर तो ‘जा’ उमटला नाही, तिथे तो पुन्हा रोज उमटणार आहे. कदाचित त्यांना त्याने बरं वाटेल, कदाचित सुरुवातीला घशाशी येईल. बारशाच्या दिवशी भरल्या घरात त्यांना ते पहिल्यांदा ऐकायला लावू नकोस. आजच फोन कर, आणि तीन-चार नावं त्यांनाच हाक मारल्यासारखी म्हणून बघायला सांग. हाक मारताना आपण लांबवतो तो नावाचा शेवटच, म्हणून तुझी इच्छा मला मुळीच क्षुल्लक वाटत नाही.

एवढं मात्र ध्यानात ठेव, लाडाने हाक मारताना तो शेवटच आधी गळतो. गिरिजाची गिरू होते, नीरजाची नीरू. तुला ‘जा’ ऐकू यायला हवा असेल तर तू स्वतः पूर्ण नावाने हाक मारायची सवय ठेव.

गुरुजींनी नक्षत्रावरून वेगळं अक्षर काढलं असेल तर त्यानेही अडू नकोस. नक्षत्रनाम पत्रिकेत राहतं आणि व्यवहारातलं नाव वेगळं ठेवता येतं, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. रविवारचाही धसका नको. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण ती नावाशिवायही होते. नाव नंतर वर्षभरात विनाशुल्क घालता येतं, त्यापुढे विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. घालशील तेव्हा ‘गिरिजा’तली ‘रि’ ऱ्हस्व आहे का, हे सही करण्याआधी स्वतः वाचून बघ. ‘गिरीजा’ असं सर्रास लिहितात, आणि मग दुरुस्तीसाठी खेटे घालावे लागतात. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे महाराष्ट्रात आधी आईचं नाव लागतं, मग वडिलांचं, मग आडनाव. तेव्हा लेकीचं नाव तुझ्या नावाला जोडूनही एकदा म्हणून बघ.

नणंदेचा मान मोडू नकोस. त्यांच्या आवडीचा ‘रा’ आणि तुझा ‘जा’ जोडून नवंच काहीतरी घडवायचा मोह होईल, तो टाळ. ज्याचा अर्थ सांगता येत नाही असं नाव त्या पोरीला जन्मभर समजावून सांगत बसावं लागेल. त्यापेक्षा बाबांशी बोलून झालं की नणंदेला एकटीला जवळ बसव, अंगणातली ती हाक त्यांना सांग. तू पत्रात मला सांगितलंस तशी त्यांना सांगितली आहेस, असं मला वाटत नाही. मग म्हण, “ताई, शेवट माझ्या आईचा असू दे, सुरुवात तुम्ही निवडा.” त्यांना नवं नाव हवंय, ‘अद्रिजा’ कदाचित त्यांनाच आधी आवडेल. ताटातल्या तांदळांवर अंगठीने ते नाव त्यांनीच लिहायचं आहे, आणि बाळाच्या कानातही पहिल्यांदा त्यांनीच सांगायचं आहे.