चाकं बदलू का? आधी टायर बघ, भाऊ

प्रश्न: दादा, मी धामणगाव रेल्वेजवळच्या गावात राहतो, कृषी केंद्रात काम करतो. तीन वर्षांआधी सेकंडहँड रोड बाईक घेतली, अ‍ॅल्युमिनियमची आहे, मागं 8 स्पीड, कॅलिपर ब्रेक (रिमला रबर घासणारे), 25 एमएम रुंदीचे टायर. रोज पाचला निघून 40 किलोमीटर मारतो, वर्षातून दोनदा परतवाड्याहून चिखलदरा चढतो. यंदा 200 ची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात 200 किलोमीटरची लांब राइड, करायची आहे. 30 हजार जमवले. दोस्त म्हणतात कार्बनची, 50 एमएम खोल रिमची चाकं टाक, सायकल उडते. माझं वजन 72 किलो. मले सांगा, लावू का पैसे?

उत्तर: त्या चाकांवर लावू नको भाऊ. काहून नको ते नीट सांगतो, कारण 30 हजार जमवायला तुला किती महिने लागले असतील ते मला कळतं.

आधी वजनाचं बघू. तुझी आताची जोडी बहुतेक दोन किलोच्या आसपास असेल, नवीत अर्धा किलो वाचला असं धर. तू, सायकल, पाण्याच्या बाटल्या मिळून 82-83 किलो, त्यातला अर्धा किलो म्हणजे अर्ध्या टक्क्याहून जरासा जास्त. परतवाडा ते चिखलदरा चढ साधारण 700-750 मीटरचा, तुला दोन तास लागत असतील तर वाचणार पाऊण मिनिट. चाकाचं वजन दुप्पट मोजायचं असं लोक सांगतात, ते वेग वाढवताना खरं आहे, एकसारख्या चढावर चाकाचा अर्धा किलो आणि बाटलीतला अर्धा किलो सारखाच. खोल रिम हवा कापते हेही खरं, पण तो फायदा 35-40 च्या वेगात नीट हाती लागतो आणि 200 ची ब्रेव्हे साडेतेरा तासात संपवायची असते, म्हणजे थांबे धरून सरासरी 15 च्या आतच.

आता तोटे. चिखलदऱ्याहून उतरताना कॅलिपर ब्रेक सारखा दाबून धरला की सगळी गरमी रिमवर येते, अ‍ॅल्युमिनियम ती लवकर सोडतं, कार्बन सोडत नाही, स्वस्तातल्या कार्बन रिमचा थर त्या गरमीनं सुटू शकतो आणि पावसात तर ब्रेकही उशिरा धरतो. एप्रिल-मेच्या वावटळीत किंवा अमरावती-नागपूर हायवेवर ट्रक बाजूनं गेला की 50 ची पुढची रिम हँडल ओढते, ते सवय नसलेल्या माणसाला घाबरवतं.

सगळ्यात मोठी गोष्ट स्पोकची. मी स्वतः एकदा सेकंडहँड भारी चाकं घेतली होती, कमी स्पोकवाली, चपटे सरळ स्पोक. कारंजा घाडगेच्या अलीकडं मागचा एक तुटला, चाक इतकं आऊट झालं की फ्रेमला घासत होतं, सायकल टेम्पोत टाकून घरी आणली आणि तसा स्पोक मिळायला अकरा दिवस गेले. तेव्हापासून माझा नियम आहे, ज्या चाकाचा स्पोक तालुक्याच्या दुकानात मिळत नाही ते चाक आपल्या भागात लांब न्यायचं नाही.

मग करायचं काय? आधी चांगल्या दुकानातून दोन्ही चाकांचा आऊट काढून घे, सगळ्या स्पोकचा ताण सारखा करून घे, हब (चाकाचा मधला भाग) उघडून छर्रे आणि ग्रीस बदल. मग टायर. ब्रेक आणि फ्रेममध्ये जागा आहे का मोज, असेल तर 28 चे मऊ, चांगल्या रबराचे टायर टाक, तुझ्या बजेटच्या पाव हिश्शात जोडी येते. हवा 110 पीएसआय भरत असशील तर ती सवय सोड, तुझ्या वजनाला 28 मध्ये 75-80 पुरे, मागं थोडी जास्त. आपल्या उखडलेल्या डांबरावर कडक टायर उड्या मारतो, त्यात ताकदही जाते आणि कंबरही.

एवढं करून महिनाभर चालव. तरी चाकं घ्यावीशी वाटली तर घे, मी अडवणार नाही, पण अ‍ॅल्युमिनियमची, ब्रेकची पट्टी (रिमवर रबर घासतो ती जागा) असलेली, 28 किंवा 32 वाकड्या डोक्याचे साधे स्पोक, आतून 17 ते 19 एमएम रुंद. डिस्कवाली कितीही स्वस्त मिळाली तरी तुझ्या सायकलीला चालणार नाहीत, त्यांना ब्रेकची पट्टीच नसते. मागचा हब 130 एमएमचा पाहिजे. हब 11 स्पीडचा असला तरी चालतो, तुझी 8 ची कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) बसवताना आत 1.85 एमएमचा स्पेसर टाकायचा, दुकानदाराला आठवण दे, नाहीतर कॅसेट डुगडुगते. उरलेल्या पैशात दोन ट्यूब, पंप आणि चांगला लाइट घे, ब्रेव्हेत कंट्रोल (नोंदीचे ठरलेले थांबे) सोडून मधे आपल्या माणसांच्या गाडीची मदत घेता येत नाही.

प्रश्न: आमच्या ब्रह्मपुरीकडं बाभळीचे काटे फार, आठवड्यात दोनदा पंक्चर. ट्यूबलेस करू का? रिम हुकलेस आहे म्हणे.

उत्तर: ताई, काट्यासाठी ट्यूबलेस खरंच चांगलं, छोटं भोक टायरमधलं सीलंट (चिकट द्रव) तिथल्या तिथं बुजवतं. फक्त आपल्या उन्हात ते लवकर आटतं, म्हणून उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी टायर उघडून बघा. हुकलेसबद्दल, म्हणजे टायर अडकवायला आतून वळलेली कडा नसलेल्या रिमबद्दल, मात्र जपून. त्यावर ट्यूबलेसचाच टायर चढवायचा, तोही हुकलेसला चालतो असं कंपनीनं लिहिलेला, आणि हवा 5 बार म्हणजे 72 पीएसआयच्या वर कधीच नाही, जास्त भरली तर टायर रिममधून निसटतो. पेट्रोल पंपावरच्या माणसाला हवा भरायला देऊ नका, घरचा मीटरवाला पंप वापरा.

प्रश्न: रिम घासली हे कसं ओळखायचं? माझी ब्रेकची पट्टी आत गेल्यासारखी दिसते.

उत्तर: पट्टीवर छोटा खड्डा किंवा बारीक रेघ असते, ती दिसेनाशी झाली की रिम संपली. खूण नसेल तर पट्टीवर स्टीलची फूटपट्टी आडवी धरा, मधे फट दिसली तर आतच गेली आहे. पावसाळ्यात काळ्या मातीतली रेती ब्रेकच्या रबरात रुतते आणि रिम खाते, म्हणून ओल्या राइडनंतर रबर पुसा, रुतलेले खडे टोचून काढा. तुम्ही सांगता तशी खरंच आत गेली असेल तर त्या चाकावर आता घाट उतरू नका.