वाचकांचे प्रश्न : पुण्यातल्या मैफली आणि नवखा श्रोता

प्रश्न : नोकरीनिमित्त नांदेडहून पुण्यात येऊन आम्हाला सहा महिने झाले. आम्ही दोघेही गाणे शिकलेलो नाही आणि रागांची नावेही मोजकीच ठाऊक आहेत. डिसेंबरमधील ‘सवाई’ला जाच, असे सर्वजण सांगतात; परंतु जाणकारांच्या गर्दीत अवघडून बसावे लागेल, अशी धास्ती वाटते. सुरुवात कुठून करावी?
— एक दांपत्य, वारजे

उत्तर : धास्ती सोडून द्यावी. पंडित भीमसेन जोशी यांनी आपले गुरू रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, यांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये हा महोत्सव सुरू केला, तेव्हापासून तिथे जाणकारांच्या शेजारी मांडी घालून बसणारा मोठा वर्ग केवळ ऐकून ऐकूनच शहाणा झालेला आहे. मात्र पहिल्याच वर्षी सर्व दिवसांचे तिकीट काढू नये, असे माझे मत आहे. एकामागून एक कलाकार ऐकताना सरावलेला कानही थकतो, आणि नवख्या श्रोत्याच्या मनात तर तिसऱ्या दिवसापर्यंत सगळे राग एकमेकांत मिसळून जातात. एकच दिवस निवडावा, खुर्चीऐवजी भारतीय बैठकीचे तिकीट घ्यावे आणि सोबत शाल अवश्य ठेवावी. मांडवात सूर्यास्तानंतर गारठा वाढतो.

परंतु खरी सुरुवात डिसेंबरच्या आधी आणि लहान जागेत व्हावी. भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये स्थापन केलेला भारत गायन समाज किंवा विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ मध्ये सुरू केलेले गांधर्व महाविद्यालय यांसारख्या जुन्या संस्था, तसेच शहरातील अनेक गुरूंचे शिष्यपरिवार, यांच्या गुरुपौर्णिमेच्या व पुण्यतिथीच्या कार्यक्रमांकडे लक्ष ठेवावे. अशा ठिकाणी बहुधा तिकीट नसते, श्रोते शे-दीडशे असतात, आणि गायकाचा श्वास, तबलजीकडे टाकलेला कटाक्ष, तानपुरा पुन्हा पुन्हा जुळवून घेण्याची लगबग हे सारे हाताच्या अंतरावर दिसते. (हे जुळवणे म्हणजे कार्यक्रमाला झालेला उशीर नव्हे; हवेतील गारव्याने आणि ओलाव्याने तारा उतरतात-चढतात, आणि षड्जच, म्हणजे आधाराचा ‘सा’च, हलला तर पुढचे सगळेच डळमळते.) स्थानिक वृत्तपत्रांतील ‘आजचे कार्यक्रम’ हा कोपरा रोज वाचलात, तर आठवड्याला एखादी तरी मैफल सापडेल.

आता ऐकावे कसे, याविषयी. राग ओळखण्याच्या खटपटीत पहिले वर्षभर पडूच नये. त्याऐवजी सम, म्हणजे तालाच्या प्रत्येक आवर्तनाची पहिली मात्रा, पकडावी. विलंबित, म्हणजे संथ लयीतील, एकतालाच्या बारा मात्रा (ठोके) इतक्या संथ चालतात की नवखा माणूस मध्येच वाट चुकतो. म्हणून ख्यालाचा, म्हणजे मैफलीतील मुख्य रागगायनाचा, तो भाग नुसता कानावर पडू द्यावा आणि द्रुत, म्हणजे जलद लयीतील, बंदिश सुरू झाली की सावध व्हावे. ती बहुधा तीनतालात असते. त्याच्या सोळा मात्रा बोटांवर मोजत बसावे आणि बंदिशीच्या मुखड्यातील, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरुवातीच्या ओळीतील, कोणत्या अक्षरावर समोरच्या रांगेतील माना एकदम हलतात, ते पाहावे. तीच सम. दोन-तीन मैफलींनंतर तुमचीही मान शेजाऱ्यांच्या आधी हलेल, आणि गायक तालाशी खेळत खेळत समेवर कसा अलगद येतो, याचे सुख कळू लागेल.

एक पथ्य मात्र पाळावे : उठायचे असेल तर एक राग संपून दुसरा सुरू होण्यापूर्वी उठावे, आलापीच्या मध्यात नव्हे.

प्रश्न : रात्रभर चाललेल्या मैफली आणि पहाटेची भैरवी यांच्या आठवणी वडील सांगत असत. आता सायंकाळच्या कार्यक्रमांत मारवा, पूरिया, यमन पुन्हा पुन्हा ऐकू येतात, दरबारी किंवा मालकंस मात्र क्वचितच. असे का?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : हे गायकांच्या आवडीनिवडीमुळे नव्हे, तर घड्याळामुळे झाले आहे. रागांना गाण्याच्या ठरावीक वेळा असतात, आणि दरबारी, मालकंस हे उशिरा रात्रीचे राग आहेत. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागी ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार ही मुदत रात्री १२ पर्यंत वाढवू शकते. एकेकाळी रात्र रात्र चालणारा ‘सवाई’ त्यामुळे दुपारकडे सरकला. याचा एक लाभ असा झाला की भीमपलास, मुलतानी यांसारखे दुपारचे राग, जे पूर्वी मैफलीत विरळाच ऐकायला मिळत, ते आता मांडवात त्यांच्या नेमक्या वेळी ऐकू येतात. तोटा अर्थातच उत्तररात्रीच्या रागांचा झाला. नियमात बंद सभागृहांना सवलत आहे, तरीही तिथल्या मैफली दहाच्या सुमारास आटोपतात, कारण श्रोत्यांना सकाळी कामावर जायचे असते. यात नियमाला दोष देता येणार नाही. तुमच्या वडिलांनी ऐकलेली रात्र आता हवी असेल, तर एखाद्या रसिकाच्या घरच्या बैठकीचे आमंत्रण मिळवावे लागेल. पहाटेची गोष्ट तुलनेने सोपी आहे. दिवाळी पहाटेच्या बहुतेक कार्यक्रमांत नाट्यपदे आणि भक्तिगीतेच अधिक असतात, तरी जिथे एकाच गायकाची मैफल आहे असा कार्यक्रम निवडल्यास ललत किंवा भटियार योग्य वेळी ऐकण्याची शक्यता बरीच असते.

प्रश्न : आमची मुलगी आठ वर्षांची आणि मुलगा सोळा वर्षांचा आहे. दोघांना एकाच वेळी आवडेल असा कार्यक्रम कोणता?
— एक आई, कोथरूड

उत्तर : एकाच वेळी, हा हट्ट सोडावा. मुलीसाठी दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुटीत होणारी बालनाट्ये उत्तम. १९६८ पासून उभ्या असलेल्या बालगंधर्व रंगमंदिरात किंवा तुमच्या जवळच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात ती लागतात. मुलाला मात्र भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन नाट्यस्पर्धेच्या एकांकिका पाहायला पाठवावे, आणि तेही त्याच्या मित्रांबरोबर, आई-वडिलांशिवाय. ‘अरे, आवाज कुणाचा’ अशा घोषणांनी दणाणणारे ते सभागृह पडदा उघडताच कसे गप्प होते, हे त्याने स्वतः पाहावे. शनिवार पेठेतील सुदर्शन रंगमंचावरचे प्रयोगही त्याला पुढे आवडू लागतील. तिथली जागा इतकी लहान आहे की पहिल्या रांगेत बसणाऱ्याने मोबाइल बंद न केल्यास नटाची नजर थेट त्याच्यावर येते, हे आधीच सांगून ठेवावे.